नळीत चढलेलं पाणी

त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी जमिनीतलं पाणी मोजत होतो. कचेरी सोलापुरात, बोअरच्या नळ्या जिल्हाभर. पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत नळीत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजला ते बघायचं. काम बिनडोक होतं, आणि मला स्वस्थ बसता येत नसल्यामुळे ते मला मानवत नव्हतं. हात रिकामे राहिले की माझं डोकं नको तिकडे धावतं.

माझी सासुरवाडी सांगोल्याच्या पुढे. एक नळी नेमकी सासूबाईंच्या घरामागे होती. पंप बसवण्याइतकं पाणी लागलं नाही म्हणून ती नुसती मोजणीसाठी ठेवलेली. तिच्या टोपणाला कुलूप असे, आणि किल्ली मी हटकून सोलापुरात विसरत असे. शेवटी ती सासूबाईंच्याच हवाली केली. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मोजून घरात आलो की त्या काठोकाठ भरलेला तांब्या पुढे करत आणि विचारत, "किती हाय?"

"खालीच गेलं, मामी," मी म्हणायचो. तोंड पाडूनच म्हणायचो, कारण महिन्यामागून महिना ते खालीच जात होतं.

चैत्रात ते वर आलं. थोडंथोडकं नाही, पुरुषभर. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. फीत खडूच्या वरही जागोजाग ओली निघाली, तर मी वहीत 'कपारीतून झिरपा' असं लिहून मोकळा झालो. त्या दिवशी मुक्काम केला आणि सकाळी पुन्हा फीत सोडली. पाणी परत खाली गेलं होतं. खाली खडकात काहीतरी हलतंय, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

सदुसष्ट साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा मी पाटणकडे काकांच्या घरी होतो. काकूंना भिंतीखालून काढणाऱ्यांत मीही होतो. त्या गेलेल्या होत्या. पुढे जो तो म्हणू लागला की धरणाच्या पाण्यानं जमीन हलवली. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी एकदा चहा पिताना मला त्यातलं मर्म सांगितलं होतं. खोल खडकात जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन बाजू वरच्या भारामुळे एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात, आणि आत ताण साठत राहतो. भेगेत दाबाखालचं पाणी शिरलं की ते बाजूंना आतून रेटतं. पकड सैल होते आणि मग त्या सरकतात. पाणी भूकंपाची ताकद आणत नाही, ती तिथे असतेच. पाणी फक्त तिला मोकळं करतं. परदेशात म्हणे कारखान्याचं घाण पाणी खोल विहिरीत दाबून भरलं, तर तिथेही धक्के बसू लागले.

साहेब आणखी एक सांगून गेले होते. हे सगळं कोसच्या कोस खाली घडतं, आपल्या नळ्या म्हणजे गोधडीला टोचलेली टाचणी. तेवढं मी सोयीस्कर विसरलो.

विसरायला कारण होतं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि दिवसभर त्या माळवदाखाली बसून असायची. डोक्यावर हातभर जाडीची माती, खाली वाळवी लागलेल्या तुळया. मी जेवायला बसलो तरी नजर वर जायची.

वैशाखात पाणी पुन्हा पुरुषभर चढलेलं निघालं आणि मी कुणाचं ऐकलं नाही. बायकोचं अंथरूण उचलून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. भिंती नाहीत, पत्रा हलका. पडला तरी जीव वाचेल असा माझा हिशेब. रजा टाकून तिथेच राहिलो.

"अहो, हितं मी भाजून निगीन की," ती म्हणाली.

"भाजलेलं बरं," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला भोवळ आली. ओठ सुकून पांढरे पडले होते. आम्ही तिला उचलून माळवदाखाली आणलं. तिथे गारवा होता. मी भिंतीकडे बघत होतो आणि सगळा राग सासूबाईंवर निघाला. "मामी, तिला पाणी तरी पोटभर देता का तुम्ही?"

त्या लेकीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देतो की. टँकर आटवड्यातनं दोनदा येतोय, घराला घागरी मोजून मिळत्यात. हिचं कदी कमी केलं न्हाय. माज्यातलंच तुमच्या नळीला घालतो."

"नळीला?"

"तुमी येनार त्या दिवशी सकाळी दोन घागरी वततो. दर डाव त्वांड पाडून याचा तुमी. पानी न्हाय म्हनल्यावर सायब तुमाला कामावरनं काडतील की. पोटुशी लेक माजी, तिनं मग कुटं जायाचं?"

वीतभर रुंदीची नळी. दोन घागरी ओतल्या की त्यात पुरुषभर पाणी चढणारच, आणि रात्रीतून ते खडकात मुरणारही. फीत वरपर्यंत ओली का, हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. बायकोला घोट घोट पाणी पाजत बसलो. उन्हं कलल्यावर ती उठून बसली आणि पहिलं काय केलं असेल तर शेडमधलं अंथरूण घरात आणायला सांगितलं. मग मी सासूबाईंना समजावलं, पाणी घटलं म्हणून मला कुणी काढणार नाही, मी नुसता मोजणारा. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दोन महिन्यांचे आकडे मी वहीत खोडले.

ज्येष्ठात गेलो तेव्हा मुलगी झालेली होती, माळवदाखालीच. तिला बघून मागे गेलो, फीत सोडली. पाणी पूर्वीपेक्षा खाली होतं.

"किती हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"खालीच गेलं, मामी."

त्यांनी मान हलवली आणि तांब्या पुढे केला. त्या वेळी तो अर्धाच होता, उरलेलं पाणी त्यांनी स्वतःच्या भांड्यात ओतून घेतलं होतं. आधीचे सगळे भरलेले तांबे कुणाच्या वाट्याचे होते, ते मला तेव्हा कळलं.