हवाबाईंचं ‘नाही’

“आज हवा कशी आहे?” असं विचारलं की हवाबाई उलट विचारायच्या, “कुठली? इथली की घाटातली?” नव्वदच्या दशकात नाशिकजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर त्या हवामान अधिकारी होत्या आणि मी तिथे विमान चालवायला शिकत होते. पदर खोचून, पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाई दिसल्या की आमची सकाळ सुरू व्हायची.

त्यांना ढगांपेक्षा डोंगरांची काळजी जास्त. “वारा समुद्रावरून येतो, सह्याद्री चढतो आणि आपल्या बाजूला कोसळतो. त्यात सापडलात तर इंजिन कितीही ओरडू दे, विमान खालीच जाणार.” एवढं घाबरवून झालं की डब्यातला लाडू हातावर ठेवायच्या.

एका श्रावणात आम्हाला शिकवणाऱ्या कॅप्टनसरांना सुरतेहून फोन आला. वडील अत्यवस्थ होते. सर तडक विमानाकडे निघाले. बाई आडव्या आल्या.

“कॅप्टन, घाटमाथ्यावर ढग टेकलेत. वाराही जोराचा आहे. मी हो म्हणणार नाही.”

“अहो, इथे ऊन पडलंय! माझे वडील आहेत ते!”

“कळतंय मला. तरीही नाही. गाडीने जा.”

सर जीप घेऊन निघाले. वाटेत घाटात दरड कोसळून रस्ता अडला होता. ते पोहोचले तेव्हा वडील गेले होते.

सर परतल्यावर बाईंनी आपण होऊन सांगितलं, “दुपारी घाटावरचे ढग विरले होते, कॅप्टन. थांबला असतात तर विमानाने पोहोचला असतात. मला ते सकाळी कळलं नाही.”

नंतर पावसाळाभर सर त्यांच्याशी बोलले नाहीत. हवामान विचारायला मला पाठवायचे. बाईंचा डबा बहुतेकदा न उघडताच घरी जायचा.

“वाईट वाटतं का हो?” मी एकदा विचारलं.

“वाटतं ना. झोप लागत नाही. पण ती सकाळ पुन्हा आली, तर पुन्हा नाहीच म्हणेन गं.”

दिवाळीनंतर माझं पहिलं एकटीचं उड्डाण ठरलं. त्या सकाळी सर स्वतः बाईंच्या खोलीत आले. दारातच थांबले.

“बाई, ही मला लेकीसारखी आहे. तुम्ही हो म्हणालात तरच पाठवतो.”

बाईंनी चष्मा काढून पुसला, पण लगेच घातला नाही.

“बसा, कॅप्टन. आधी चहा घेऊ.”

दोघांचा चहा बराच वेळ चालला. मी उडाले ती दुपारी.