नाकात बोलणारा अँप

गिटारचा आवाज मोठा करणारा अँप एकट्यानं वाजवून निवडायचा नसतो, हे आता मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दुकानात एकट्यानं वाजवला की प्रत्येक अँप राजा असतो. ड्रम, बेस आणि दुसरी गिटार सुरू झाली की कळतं कोण राजा आणि कोणी नुसताच फेटा बांधलाय. मेटल वाजवणारे बहुतेक सगळे ही चूक करतात आणि मोठ्या ऐटीत करतात. माझ्या बाबतीत चूक दुसऱ्यानं केली, ऐट त्यानंच मिरवली आणि निस्तरायला मी उरलो.

ज्यांना हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्यात गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. अँपवर गेन नावाचं बटण असतं, ते फिरवत नेलं की आवाज ताणत ताणत फाटतो. तसा कुठलाही स्वस्त डबा फाटतो. पण आवाज इतका फाटूनही प्रत्येक सूर वेगळा ओळखू यायला हवा, आणि ते ज्याला जमतं तो खरा हाय-गेन अँप.

आम्ही चौघे होतो. गाणारा तेलुगू, बेसही तोच वाजवायचा. ड्रमर मलकपेटचा, दखनी बोलणारा. आणि गिटारवर आम्ही दोघे मराठी, मी आणि माझा मित्र. मी तारनाक्याचा. वडिलांना रेल्वेत नोकरी लागली म्हणून परभणीकडून हैदराबादला आलेलं आमचं घर. मित्र चिक्कडपल्लीचा, तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेल्या घरातला. त्यांच्याकडे सगळ्यांना गाण्यातलं कळतं असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं. मित्र सोलो वाजवायचा, म्हणजे लोक ज्याच्याकडे बघतात ते. मी रिदम वाजवायचो, म्हणजे ज्याच्यावर तो उभा राहायचा ते.

गाणाऱ्याला माझी गरज वाटत नव्हती. तो हे पाठीमागे बोलायचा नाही, तोंडावर हसत बोलायचा. "ओक्क गिटार चालु रा," म्हणायचा. एकच गिटार पुरे. चूक त्याचीही नव्हती, माझा जुना अँप घरात शिकण्यापुरता होता आणि ड्रम सुरू झाले की त्याचा जीवच जायचा. तेवढ्यात एका कॉलेजच्या फेस्टमध्ये आम्हाला वाजवायला मिळालं. ठरलं असं, की मी आता खरा अँप घ्यायचा आणि मी या बँडमध्ये का आहे ते त्या मैदानावर ऐकू यायला हवं. ऐकू आलं नाही तर गाणाऱ्याचं खरं. ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचो. बँड सोडला तर माझं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं.

माझा कान कुठे तयार झाला ते सांगायला हवं. वडिलांची गाण्याची पार्टी होती. एप्रिलमधल्या जयंतीला निळ्या पताकांखाली ट्रकवर, नाहीतर वस्तीतल्या मांडवात ही मंडळी गायची. ढोलकी, खंजिरी, वडिलांची पेटी आणि खांबाला बांधलेले दोन भोंगे. वडिलांकडे दोन पेट्या होत्या. एक गोड, पाहुण्यांसमोर वाजवायची. दुसरी चिरकी, घरात लावली की आई दार लोटून घ्यायची. जयंतीला मात्र नेमकी ती चिरकीच बाहेर पडायची. लहानपणी मी विचारलं तर वडील म्हणाले, "पेटी नाकात बोलली पाहिजे. गोड पेटी ढोलकीखाली मरती." एवढंच. पुढे इंटरनेटवर मिड फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजाच्या मधल्या पट्टीबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिलेली वाचली तेव्हा मला हसू आलं होतं.

अँप घ्यायला मी आणि मित्र सिकंदराबादला गेलो. तो आला नसता तर बरं झालं असतं, पण मीच बोलावलं होतं. अमेरिकेतल्या काकांनी दिलेला चांगला अँप त्याच्याकडे होता आणि त्यातलं त्याला कळतं असं सगळे धरून चालायचे. दुकानात आमच्या आवाक्यातले दोनच होते. एक काळा, मित्राकडे होता त्याच कंपनीचा. दुसरा तपकिरी, कोपऱ्यात पडून, कुणीतरी परत आणून टाकलेला.

काळा आधी लावला. काय आवाज होता! तळहातानं तारा दाबून एक ठोका मारला तर पायाखालची फरशी हलली. वर काचेसारखी चकाकी, खाली धरणीकंप. दुकानातले दोघे-तिघे माना वळवून बघायला लागले. मग तपकिरी लावला. त्याचा आवाज रुंद नव्हता. तो मधोमध उभा राहिला, नाकात बोलला, जरा भांडकुदळ. पण मी सहा तारा एकदम छेडल्या तर सहाच्या सहा वेगळ्या ऐकू आल्या. मी ओळखलं. हीच ती चिरकी पेटी. ड्रमरनं कितीही आदळआपट केली तरी हा मरणार नाही.

"हाच घेतो," मी म्हणालो.

मित्र आधी हसला. मग म्हणाला, "अरे काय हौल्यासारखा येडेपणा करतो यार? हा तर तुमच्या जयंतीच्या भोंग्यासारखा वाजतोय."

तुमच्या. बाकी सगळं मी गिळलं असतं. आम्ही बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून एकत्र, एकाच ताटात जेवलेले, एकमेकांना नको तेवढं चिडवलेले. पण तो शब्द त्यानं चिडवायलाही वापरला नव्हता. तो अगदी सहज आला, पायात चप्पल सरकावी तसा. दुकानदारही हसला. मी तपकिरी अँप बंद केला. ढोलकीखाली काय मरतं आणि काय नाही, हे तिथे उभं राहून समजावून सांगायचं म्हणजे वडिलांना त्या दोघांच्या हसण्यात ओढून आणायचं. ते माझ्यानं झालं नाही. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि लाज वाटते याचा पुन्हा वेगळा राग. मी काळ्याचे पैसे मोजले. तो गाडीत घातला मित्रानंच, मला शाबासकी दिल्यासारखं करत.

आमची प्रॅक्टिस दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर चालायची. खाली पोरं परीक्षांची तयारी करायची, आणि दिलसुखनगरात परीक्षेला रविवार नसतो. त्यामुळे आम्ही मेटल वाजवायचो ते घरात कुणी आजारी असल्यासारखं. ड्रमर काठ्यांना फडकी गुंडाळायचा. अशा दबल्या आवाजात काळा अँप सगळ्यांना आवडला. हळू वाजवला की बेस आणि चकाकीच गोड लागते, मधलं काही नसल्याचं कळतच नाही. गाणाऱ्यानंसुद्धा मान डोलावली. "देखा? मी म्हणालो होतो," मित्र म्हणाला. मी प्रत्येक वेळी मिडचं बटण शेवटपर्यंत फिरवून बघायचो. ते नावाला होतं. फिरवून काहीच बदलायचं नाही.

फेस्टच्या संध्याकाळी स्टेजवर पहिल्यांदा ड्रमरनं फडक्यांशिवाय काठी मारली आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज गेला. खाली बेस आणि मोठा ड्रम बसलेले, वर झांजा आणि मित्राचा अँप, तोच आवाज, त्याच कंपनीचा. माझ्यासाठी जागाच उरली नव्हती. मी साउंडवाल्याला खुणेनं आवाज वाढवायला सांगितला, त्यानं वाढवला, तर मी अजून खोल रुतलो, गाळात चाक रुतावं तसा. बोटं चालत होती. डोकंही मी नेमानं हलवत होतो, केस उडवत होतो. समोरची पोरं नाचत होती आणि त्यांना काहीही कमी पडलेलं नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं. माझी गिटार अशी बेपत्ता झाली आणि तरी गाणं नीट चाललं.

खाली उतरल्यावर ड्रमर माझ्याजवळ आला. त्याच्या मनात खोट नव्हती. "भाई, तेरा गिटार सुनाइच नई दिया. हाथ तो पूरे चल रे थे तेरे, आवाज कां गई?" मागे गाणारा उभा होता. तो हसत होता, पण त्या दिवशी 'ओक्क गिटार' म्हणाला नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती.

पुढचं काम मित्रावर सोपवलं गेलं, मराठीत बोलणारा तोच ना! नारायणगुड्याला एका इराण्याकडे त्यानं मला बोलावलं. चहा सांगितला, उस्मानिया बिस्किटं सांगितली आणि मग म्हणाला, की सगळ्यांचं असं म्हणणं आहे, एकच गिटार असली की आवाज मोकळा राहतो, गाडीत सामान कमी होतं, वगैरे. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" तो बिस्कीट चहात बुडवत म्हणाला, "बुरा मत मान यार. तुझा हात चांगला आहे. पण अँप निवडताना तू जरा डोकं वापरायला हवं होतं."

वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. त्याच्या लेखी अँप मी निवडला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर चोराला आपण चोरी केल्याचं माहीत असतं, ह्याला तेही नव्हतं. मी चहा अर्धा टाकून उठलो. नंतर डोक्यात शंभर उत्तरं आली. ती आजही येतात, बहुतेक सिग्नलला थांबलेलो असताना.

वडिलांना मी बँड बंद पडला एवढंच सांगितलं. काळा अँप माझ्या खोलीत आहे. एकट्यानं वाजवला की अजूनही सुंदर वाजतो.

गेल्या हिवाळ्यात ड्रमरचा फोन आला. "आजा ना भाई, गचिबावलीमें शो है." नको म्हणणार होतो, तरी गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित ते वाईट वाजवतील अशी आशा असेल. एका पबचा हॉल होता, मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. ड्रमरनं चार ठोके दिले आणि गिटार सुरू झाली, आणि मी खांब सोडून सरळ उभा राहिलो. ड्रमच्या वर, बेसच्या वर, गाणाऱ्याच्या ओरडण्याच्याही वर, मधोमध, नाकात बोलणारा तो आवाज. सहाच्या सहा तारा वेगळ्या. लोकांच्या डोक्यांवरून बघितलं तर मित्राच्या पाठीमागे तो तपकिरी अँप होता.

मी शेवटच्या गाण्यापर्यंत थांबलो. माझं ऐकणं बरोबर होतं, हे इतक्या लोकांसमोर इतक्या मोठ्यानं सिद्ध होत होतं आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. तोंड कडू झालं होतं.

शो संपल्यावर मित्र घामानं निथळत माझ्याकडे आला, मिठी मारली. "टोन कसा वाटला? सेकंडहँड मिळाला रे. सगळ्यांतून काय कापत जातो ना!"

"जयंतीच्या भोंग्यासारखा," मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत बघत म्हणालो, एकेक शब्द सुटा करून.

तो खूश झाला. "हौ ना! एकदम तसाच!" म्हणाला, आणि ड्रमरला हाक मारून त्यालाही सांगितलं, की बघ, हा काय म्हणतोय. मग दोघांनी तपकिरी अँप उचलून गाडीकडे नेला. ज्या एका वाक्यानं मला बँडमधून उठवलं, ते मित्राला आठवतसुद्धा नव्हतं.