अर्ध्या मिलिमीटरची बदनामी

स्त्रीच्या पापणीची वक्रता आमच्या व्याह्यांइतकी अचूक जाणणारा पुरुष बडोद्यात दुसरा झाला नाही. हे विधान ज्यांना अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी ते खोडून काढण्यासाठी खुशाल माझ्या घरी यावे. सकाळी दहानंतर मी घरीच असतो. आमचे धाकटे मेहुणे प्रत्येक लग्नामुंजीत व्याह्यांची जी गोष्ट सांगतात आणि जिच्यावर सारी पंगत हसते, ती अधूनमधून खोटी आणि शेवटाकडे साफ खोटी आहे. खरी गोष्ट मला ठाऊक आहे. ती आजवर सांगितली नाही, हा माझा दोष. तो येथे दुरुस्त करतो.

व्याही म्हणजे माझ्या सूनबाईंचे वडील. बडोद्यातच गोरवा भागातील एका कारखान्यात टूलरूममध्ये तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली. तयार झालेला प्रत्येक भाग मापाने तपासायचा, चुकला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर दोष, कारण आणि शेरा लिहायचा, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर माणसे देवळात जातात, बागेत जातात. आमच्या व्याह्यांचे लक्ष आयलॅश कर्लरकडे गेले. पापण्यांचे केस वर वळवण्याचा तो लहानसा चिमटा त्यांच्या धाकट्या बहिणीला सारखा चावत असे. पापणीच्या कोपऱ्यात कातडी सापडून बाईंच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि त्या स्वतःच्या डोळ्यालाच बोल लावीत. व्याह्यांनी चिमटा हातात घेतला, उजेडात धरला आणि निकाल दिला, "डोळ्यात काही खोट नाही. ह्याचा बाक उथळ आहे, तुझी पापणी खोल आहे. चपलेचेसुद्धा माप घेतो आपण, आणि रोज डोळ्याला लावायची वस्तू तुम्ही बायका रंग पाहून आणता?"

त्या दिवसापासून नात्यागोत्यातील एकाही स्त्रीने बिनमापाचा कर्लर विकत घेतला नाही. मेहुणे सांगतात की व्याही भिंग घेऊन बायकांच्या डोळ्यांत डोकावत. हे पहिले असत्य. व्याह्यांनी या कामासाठी एकाही स्त्रीच्या डोळ्याकडे कधी पाहिले नाही. ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत आणि सोल्डरच्या मऊ तारेचा तुकडा पाठीमागे हात करून देत. बाईंनी आरशासमोर उभे राहून खाली पाहायचे, तार पापणीच्या कडेशी अलगद धरून बाक द्यायचा आणि मग ती परत व्याह्यांच्या हातावर ठेवायची. सूचना भिंतीला उद्देशून होत: "घाई नको. कोपऱ्यापर्यंत न्या. आता श्वास सोडा." मग ती तार आलेखाच्या कागदावर ठेवून ते पेन्सिलीने रेघ काढीत, खाली नाव लिहीत, आणि डावा डोळा वेगळा घेत. दोन्ही डोळे सारखे असतात असे म्हणणाऱ्यांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. एकदा करजणहून आलेली त्यांची भाची गाडीची वेळ झाली म्हणून एकाच डोळ्याचे माप देऊन निघाली, तर हे दुसऱ्या दिवशी तार घेऊन करजणला गेले.

घडियाळी पोळ या गल्लीतील बांगड्या-टिकल्यांच्या दुकानदाराला त्यांचा चेहरा दिसला की तो आधी पंखा लावी, कारण आता तासाभराची निश्चिती. व्याही प्रत्येक कर्लर कागदावरच्या रेघेशी लावून पाहत. जुळला तर खिशातून पतंगाच्या कागदाची पट्टी काढून ती चिमट्यात दाबत. पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी घडी उमटली तर पसंत. एका बाजूला गडद उमटली तर नापसंत. आणि कागद फाटला तर ते दुकानदाराकडे अशा नजरेने पाहत की त्याने स्वतःहून तो नग मागे ठेवावा. एकदा चौदा नग बाद झाल्यावर तो बिचारा म्हणाला, "काका, आ तो फेशननी चीज छे, मशीननो पार्ट नथी." व्याही शांतपणे म्हणाले, "मशीननो पार्ट नवो मळे, भाई. आंख नथी मळती."

आता लग्नाकडे येतो. आमच्या सूनबाईंच्या रुखवतात, साखरेच्या बागेशेजारी, लाल मखमलीच्या पेटीत एक कर्लर मांडलेला होता आणि पेटीत आलेखाचा कागद घडी करून ठेवलेला होता. व्याह्यांनी लेकीसाठी केलेली ती निवड म्हणजे त्यांच्या विद्येचा कळस. दोन महिन्यांनी मात्र सूनबाईंनी माहेरी सांगितले की चिमटा उजव्या कोपऱ्यात चावतो. व्याही तार घेऊन आमच्या घरी आले, भिंतीकडे तोंड करून बसले, नवे माप घेतले, चिमटा फिरवून फिरवून पाहिला आणि भरल्या दिवाणखान्यात जाहीर केले, "माझेच माप चुकले. अर्धा मिलिमीटर." मेहुण्यांनी ते अर्धे मिलिमीटर तेथून उचलले आणि साऱ्या बडोद्यात वाटले. स्वतःच्या लेकीच्या डोळ्याचे माप ज्याला जमले नाही, त्याच्याकडे बायका कशाला जातील? हळूहळू येणाऱ्या थांबल्या. सोल्डरची तार डब्यात गेली. पंगतीत गोष्ट निघाली की व्याही इतरांबरोबर हसत, आणि मी पानातले लोणचे न्याहाळीत असे.

कारण माप चुकलेच नव्हते. लग्नाच्या जेवणानंतर वरपक्षासाठी मांडलेल्या पानाच्या तबकात अख्खी सुपारी होती आणि अडकित्ता नव्हता. हा वधूपक्षाचा ढिसाळपणा होता आणि तो मी आजही माफ केलेला नाही. शेजारच्या मेजावर मखमलीच्या पेटीत दोन मुठींचे, मध्ये खीळ असलेले, जबड्याचे एक चकचकीत हत्यार दिसले. व्याही कारखान्यातले, त्यांनी जावयाच्या घरासाठी नव्या घडणीचा अडकित्ता दिला असेल, असे कोणत्याही विचारी माणसाला वाटले असते. वरपक्षात सुपारी खाणारा मी एकटाच, हे व्याह्यांनाही ठाऊक होते. मी सुपारी घातली आणि दाबले. सुपारी जशीच्या तशी राहिली. हत्यार मात्र उजव्या बाजूस किंचित वाकले. मी ते पुसून पेटीत ठेवले आणि अक्षता टाकणाऱ्याच्या चेहऱ्याने मंडपात जाऊन बसलो.

बावीस वर्षे हे कोणाला सांगितले नाही. प्रथम वरपक्षाचा मान आड आला, पुढे वय आड आले. गेल्या वर्षी व्याही गेले. त्यांची हत्यारांची पेटी सूनबाईंनी आमच्याकडे आणली आणि तिच्यातील एक काडेपेटी माझ्यासमोर ठेवून त्या चहा टाकायला गेल्या. आत रुखवतातल्या त्या कर्लरच्या जबड्यात बसणारी जुनी रबरी पट्टी होती. तिच्यात सुपारीचा तांबूस कण रुतला होता. पट्टीला लाल चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिले होते: "दोष: उजवी कड वाकली. कारण: सुपारी. माप बरोबर. शेरा: व्याह्यांना बोलू नये."

तेव्हा मेहुण्यांनी, आणि ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट पुढे सांगितली त्या सर्वांनी, आपापल्या प्रती दुरुस्त कराव्यात. माप बरोबर होते.

गेल्या आठवड्यात नातीने कर्लर हवा म्हणून सांगितले. मी व्याह्यांच्या पेटीतील सोल्डरची तार काढून तिच्या हाती दिली, खुर्ची फिरवली आणि भिंतीला म्हणालो, "घाई नको. कोपऱ्यापर्यंत ने." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही इकडे बघा ना, काही होत नाही." मी मान वळवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसण्यात एक सोय असते, हे मला फार उशिरा कळले: सारे जण आपापल्या डोळ्यांत गुंतलेले असतात, आपल्या डोळ्यांकडे कोणी पाहत नाही.