चार साक्षीदार कुणाकडे मागायचे

भट्टीवाल्याची लेक लहानपणापासून इतकी बोलायची की बापानं तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं. हा पाठीत वाकून कणीक मळतोय आणि ती पिठाच्या पोत्यावर पाय हलवत बसलीय. बाईंच्या नकला, कुणाची कुणाशी कट्टी, सगळं ताजं ताजं. "अगं, श्वास तरी घे!" हा ओरडायचा आणि मनातून सुखावायचा. आई नसलेल्या त्या घरात तेवढाच आवाज होता.

आता ती परगावी आत्याकडे राहायची, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि दर शुक्रवारी, जुम्म्याला, फोन करायची. "बरी आहे. जेवलात का? ठेवते." संपलं. फोन बंद झाला तरी हा कानाला लावून बसायचा. अहो, पोरगी जिवंत, धडधाकट, आणि बापानं तिच्यासाठी असं झुरावं! पहाटे पावाचे साचे भरताना अजूनही तो पोत्याकडे बघून काहीतरी बोलून जायचा, मग स्वतःवरच चिडायचा.

झालं होतं ते असं. पीठ पुरवणाऱ्याच्या पुतण्यानं गोदामात तिच्यावर जबरदस्ती केली. बाप तिला घेऊन मशिदीच्या कमिटीकडे गेला. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, दाढी पांढरी, आवाज गोड. त्यांनी विचारलं, "चार साक्षीदार आहेत?" बंद गोदामात साक्षीदार कुठून येणार, डोंबल? "मग पोरीची मर्जी नव्हती कशावरून? ती तिथे गेलीच कशाला?" आणि वर सल्ला, की घरची अब्रू घरातच ठेवा. भट्टीवाल्याच्या मनात आलं, धर्माचं बोलणं, आपण अडाणी, आपण काय बोलणार? मान खाली घालून तो पोरीला घरी घेऊन आला. गल्लीत कुजबुज सुरू झाली. पोरीनं तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच, आणि महिन्याभरात बॅग भरली.

वर्षं गेली. गावात नवे काझी आले. एकदा दुपारी ते स्वतःच पाव घ्यायला आले, तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भट्टीवाल्याच्या पोटात इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. काझी ऐकता ऐकता खोक्यावर बसले.

"चार साक्षीदार मागितले? पोरीकडे?"

"हो."

"तौबा, तौबा!" काझींचा आवाज चढला. "चाचा, कुराणात चार साक्षीदार मागितलेत ते बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्याकडे. आणता आले नाहीत तर शिक्षा त्याला, आणि वर त्याची साक्षही पुढे कधी मानायची नाही. बाईची अब्रू राखायला केलेला कायदा, आणि यांनी तो पोरीवरच उगारला! जिच्यावर जबरदस्ती झाली तिचा ना गुन्हा, ना पाप. गुन्हेगार तो. तिचं म्हणणं ऐकायचं, डॉक्टरची तपासणी करून घ्यायची, त्याला पकडायचं. अजूनही पोलिसात जायचं असेल तर मी सोबत येतो."

भट्टीवाला पिठाच्या हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी भट्टी बंद ठेवून त्यानं बस पकडली. वाटभर घोकत होता. हे ऐकलं की पोरगी पुन्हा बोलायला लागेल, असं त्याच्या भाबड्या मनानं ठरवूनच टाकलं होतं. ती कारखान्यातून आली, ओढणीला दोरे चिकटलेले. त्यानं तिला बसूसुद्धा दिलं नाही, एका दमात सगळं सांगितलं.

"अब्बा, मला ठाऊक होतं हे," ती म्हणाली.

"काय?"

"मदरशात शिकवणाऱ्या आपांनी सांगितलं होतं. कमिटीसमोर उभी होते तेव्हाही ठाऊक होतं. पण माझा आवाजच फुटत नव्हता. मी तुमच्याकडे बघत होते. माझी मुलगी खोटं बोलत नाही, एवढं म्हणाला असतात ना, तरी पुरलं असतं मला. त्याला काय शिक्षण लागतं?"

भट्टीवाल्याला वाटलं, जमिनीत गाडून घ्यावं स्वतःला. "आता म्हणू?"

"मला नका सांगू. जिथे मान खाली घातलीत, तिथे सांगा."

तो गावी परतला. मशिदीत जुम्म्याची नमाज झाली, माणसं उठू लागली, आणि हा मधोमध उभा राहिला. "माझी मुलगी खोटं बोलली नव्हती," तो म्हणाला. "तिच्यावर जबरदस्ती झाली. तिच्याकडे चार साक्षीदार मागितले ते चुकीचं होतं, आणि मी गप्प बसलो ते त्याहून चुकीचं."

"भट्टीवाले, जुनं कशाला उकरता?" अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

"बोलू द्या त्यांना," काझी म्हणाले. "आणि अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे त्या पोरीविरुद्ध चार साक्षीदार असतील तर आणा. नसतील तर इथेच तौबा करा आणि तिची माफी मागा. तोवर तुमची साक्ष मी कशातही घेणार नाही."

संध्याकाळी फोन आला. "बरी आहे. जेवलात का?"

"बोललो गं आज. सगळ्यांसमोर."

पलीकडे दार लोटल्याचा, मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पहिल्यापासून सांगा, अब्बा," ती म्हणाली. "तुम्ही कुठे उभे होतात, तिथपासून."