हातोडीवरचं गंध

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी बस तपासायला जाऊ नये, असं आमच्या खात्यातले सगळे म्हणतात. गाड्यांना केळीचे खांब बांधलेले असतात, रस्त्यात फुटलेल्या कोहळ्याचा चिखल असतो आणि ड्रायव्हर लोक खुशीत असतात. अशा वेळी चुका काढणारी बाई कुणाला हवी? मी मात्र गेले. माझं कामच ते आहे. बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात बायकांना नेणाऱ्या तीन कंत्राटी बस बनशंकरीहून सुटतात. त्या सुटण्याआधी ब्रेक, टायर, आग विझवायचं सिलिंडर, मागचं दार, सगळं मी बघायचं. तिसऱ्या बसमध्ये माझी धाकटी बहीण असते. ती आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे.

पहिली बस झकास होती. खिडक्यांशेजारी, आपत्तीत काच फोडायच्या लाल हातोड्या आपापल्या हुकांवर. त्यांचीही पूजा झालेली. प्रत्येकीच्या दांड्यावर विभूतीची तीन बोटं, मधोमध कुंकू, आणि एकीच्या कुंकवात शेवंतीची पाकळी चिकटलेली. मला बरं वाटलं. जिच्याकडे कुणी वर्षभर बघत नाही तिलाही यांनी हात जोडले, म्हटलं.

दुसऱ्या बसचे टायर वाकून बघितले, मग आत चढले. हातोड्या, विभूती, कुंकू. सरी, सगळं ठीक. तिसऱ्या बसचेही टायर बघितले आणि आत गेले. बहिणीच्या डोक्यावरच्या हातोडीला हात घातला, तर बोटाला पाकळी लागली. तीच.

हातोडी हातात घेऊन तशीच खाली उतरले आणि पहिल्या बसमध्ये गेले. हुक रिकामे! दुसऱ्या बसमध्येही तेच. मी टायर बघत वाकलेली असायची, तेवढ्यात एकच संच माझ्यापुढे पळत होता.

माझं डोकं फिरलं. आग लागली तर या बायकांनी काच कशानं फोडायची, जेवणाच्या डब्यानं? कंत्राटदाराचा सुपरवायझर हसत पुढे आला.

"लावून ठेवल्या की लोक घरी नेतात, मॅडम. म्हणून एकच संच ठेवलाय, तोही ऑफिसात कुलपात. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या. पूजा तर मनापासून केलीय की!"

पूजा केली म्हणे! एका देवाला नैवेद्य दाखवायचा आणि तेच ताट उचलून पुढच्या देवळात न्यायचं, त्यातली गत.

तो संच पहिल्या बसमध्ये लावून मी ती सोडली. बाकीच्या दोन बस नव्या हातोड्या आल्याशिवाय हलणार नाहीत, असं सांगितलं. बायका खवळल्या, उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी जाते. पण खवळल्या कुणावर? माझ्यावर! सुपरवायझरपुढे कुणी ब्र काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. बहीण दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, असं काय करतीस? आजवर कधी काय झालंय काय? सगळ्याजणी मला बोलायल्यात."

"झालं असतं तर भांडायला राहिली असतीस का?" मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

दुकानं उघडली, हातोड्या आल्या, बस गेल्या. हजेरी जायची ती गेलीच. बहीण रात्री माझ्याशी एक शब्द न बोलता जेवली आणि आईनंही मलाच समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बसमध्ये चढले. हातोड्या कोऱ्या होत्या, गंध नव्हतं. बहीण खिडकीशी बसली होती, मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी तिच्या डोक्यावरून हात लांबवला, हातोडी काढून पाहिली, परत हुकात बसवली. नको बोलूस माझ्याशी, मनात म्हटलं. म्हातारी होईपर्यंत नको बोलूस. पण म्हातारी हो.