वरणातला हिंग

हे मी आजवर कुणाकडे बोलले नाही. बहिणीकडे नाही — आणि मनजीतकडे तर नाहीच.

मनजीत म्हणजे घटस्फोटानंतर भेटलेला, गुरुग्रामच्या या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणारा माणूस. त्याला गहू चालत नाही. नखरे नव्हेत, आजार आहे. चिमूटभर कणीक पोटात गेली तरी आतड्याला इजा होते, माणूस आडवा होतो. मी सगळं मान्य केलं. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, घासणीसुद्धा वेगळी. पोळी खाल्ल्यावर दात घासल्याशिवाय जवळ यायचं नाही — तेही ठीक. पण ऑफिसातून आल्या आल्या ओट्यावर बोट फिरवून बघायचं? आणि मित्रांसमोर, मॅडम एक दिवस मला मारणार, म्हणून हसायचं? मीही हसायचे. काय करणार?

इतकं करूनही तो आजारी पडायचाच. गहू येतो कुठून, मलाही कळेना. मग एकदा पुण्याहून बहिणीने पाठवलेला हिंग डबीत ओतताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. हिंगात गव्हाचं पीठ. म्हणजे रोजच्या वरणात मीच घालत होते.

इथवर चूक होती. चूक कुणाचीही होते.

संध्याकाळी सांगणारच होते. पण तो आला तो गुन्हेगार ठरवूनच. त्याची आई — आम्ही बीजी म्हणतो — दर रविवारी मेट्रोने राजम्याचा डबा घेऊन यायची. त्याने माझ्यासमोर तिला फोन लावला, स्पीकरवर. पिठाचा हात लागला असणार, यापुढे डबा नको, म्हणाला.

बीजी एवढंच म्हणाली, "पुत्तर, मैंने तो कड़छी भी नई ली थी." त्याच्या राजम्यासाठी तिने डावसुद्धा नवा घेतला होता.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी कुकर लावला.

आणि खरं सांगायचं तर — नुसती गप्प राहिले असते तर हे लिहिलंच नसतं. दुसऱ्या दिवशी फोडणीत पुन्हा तोच हिंग घातला. जाणूनबुजून. तो आडवा असला की ओट्यावर बोट फिरत नसे. घर शांत असे. मला ते आवडत होतं. डबी संपेपर्यंत घालत राहिले — तो वजनाने उतरताना, पोट धरून बसलेला, सगळं दिसत असताना.

मग तांदळाच्या पिठाचा हिंग आणला. तो बरा झाला. बघ, म्हणाला, आईचा डबा बंद केला, आतडं भरून यायला वेळ लागला, पण आता कसा ठणठणीत आहे.

बीजी अजून येते. रिकाम्या हाताने. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. गेल्या रविवारी त्याने पाणी मागितलं, ती उठली, आणि दाराशीच थांबली.

"तू दे दे बेटा," मला म्हणाली, "मेरे हाथ का क्या भरोसा."

मी दिलं.