वैजूच्या तीन रात्री

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — देवापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते. ऐकून जे वाटायचं ते वाटू द्या.

माझी मुलगी वैजू ताऱ्यांवर संशोधन करायची. मी चौथी शिकलेली, पण ती सांगायची ते मला कळायचं. आपल्या आकाशगंगेच्या शेजारी लहान लहान दीर्घिका आहेत. त्यांतल्या ताऱ्यांचा उजेड फोडला की रेघा दिसतात. त्यावरून ताऱ्यात लोखंड किती ते कळतं. लोखंड कमी, तर तारा बहुतेक जुना. अशा एका दीर्घिकेत म्हातारे तारे किती, तरणे किती, हे तिला शोधायचं होतं. मी म्हणायचे, "शेजारणीच्या घरात लोखंड किती, ते मोजून तुला काय मिळणार गं?" ती हसायची.

त्यासाठी परदेशातल्या डोंगरावरची मोठी दुर्बीण लागायची. दोन वर्षं अर्ज केल्यावर तिला तीन रात्री मिळाल्या. तीनच. चुकल्या की पुन्हा रांगेत. हे मला ठाऊक होतं — म्हणजे नकळत केलं असं म्हणायचीही सोय नाही.

तिचे वडील आधीच गेलेले. अंबरपेठेत आम्ही दोघीच. ही गेली की तिकडचीच होईल, असं माझ्या मनानं घेतलं. एकटं राहायची भीती? होती. पण हेवाही होता. मला तिच्या वयात कुणी जवळच्या आबिड्सच्या बाजारापर्यंत एकटीला सोडलं नव्हतं — आणि ही समुद्रापार निघाली होती.

निघायच्या सकाळी मी छाती धरून खाली बसले. कळ नव्हती. काहीच नव्हतं. वैजूनं बॅग दारातच टाकली, ऑटो बोलावला, मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, परेशान होऊ नका अम्मा, इसीजी ठीक आहे, तरी दोन दिवस ठेवू. मी कण्हत राहिले. विमान गेलं.

उशाशी बसून ती म्हणाली, "तारे कुठं जात नाहीत, आई. तू गेली असतीस तर?"

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? मी पाणी मागितलं.

पुढं त्याच दीर्घिकेचं काम दुसऱ्यांनी करून छापलं. वैजूची शिष्यवृत्ती संपली. आता ती दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये मुलांकडून भौतिकशास्त्र घोकून घेते. घरी ताऱ्यांचं नाव काढत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या जुन्या सरांचा फोन आला. नव्या दुर्बिणीवर काम आहे, अजून वेळ गेलेली नाही, ये म्हणाले. ती म्हणाली, "जमायचं नाही, सर. आईच्या छातीचं तुम्हाला माहीतच आहे."

मी समोर बसून मेथी निवडत होते. निवडत राहिले.